ठेवा, कळवते

आधी आक्कांचं सांगतो. ताडकळसच्या आमच्या इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारींचा फोन त्या घेतात. बारावी पास, आवाज ठणठणीत, आणि मालकांसकट सगळं गाव त्यांना आक्काच म्हणतं. त्या नसत्या तर मी हे लिहीत बसलो नसतो. कुठल्यातरी खांबाला मिठी मारून, डोळे मिटून लटकलो असतो.

मी वेंगुर्ल्याकडचा. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. जमिनीखालून केबल टाकणाऱ्या ठेकेदाराबरोबर परभणी जिल्ह्यात आलो. काम संपलं, ठेकेदार पुढं गेला, आणि मी इथल्या नेटवाल्या मालकांकडं काम मागायला उभा राहिलो.

“कुठला रे तू?”

“कोकणातला.”

“मंग झालं की! माडावर चढनारं पोरगं. आपल्या तारा खांबावरनंच जातात, आन खांब म्हंजे तुला जिना.”

मला स्टुलावर उभं राहून बल्ब बदलतानाही घाम फुटतो. आमच्याकडं नारळ पाडायला माणूस बोलावतात, आणि तो वर चढला की मी खालूनसुद्धा बघत नाही. पण काम देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी नुसता हसलो. मालकांना ते हसू आत्मविश्वासाचं वाटलं.

पहिल्याच खांबावर मी अर्ध्यात अडकलो. वर जाईना, खाली येईना. आक्का खिडकीतून बघत होत्या. त्या मालकांना म्हणाल्या, “त्याला आत घ्या आन गेमचं बघू द्या. पडला तर तक्रार मलाच घ्यावी लागंल.”

गेमचं म्हणजे असं. झरी, वालूर, ताडकळस अशा गावांतल्या लोकांनी आपलंच कनेक्शन घ्यावं म्हणून मालकांनी गोळीबाराच्या एका गेमचा सर्व्हर चालू केला होता; त्यावर सगळी गावं एकत्र खेळायची. शाळेत मी जितका बसलो त्याहून जास्त तो गेम खेळलो होतो, त्यामुळं माझी पात्रता वादातीत होती. सर्व्हरला एक प्लगिन, म्हणजे वरून बसवायचा जादा तुकडा, जोडलेलं होतं, आणि त्यात छोट्या स्क्रिप्ट लिहून घालता येत. मी एक लिहिली. खेळाडू आत आला की स्क्रिप्टनं ऑफिसच्या वेबसाइटला विचारायचं, ह्याचे गुण किती, किताब काय? आणि तो किताब सगळ्यांच्या पडद्यावर झळकवायचा. सगळ्यात मोठा किताब होता ‘वालूरचा वाघ’. तो वालूरमधल्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराकडं होता. चाळिशीचा गृहस्थ, पण नेम असा की पोरं त्याला टरकून असत.

स्क्रिप्ट चालली. एवढंच, की ती चालली की बाकी सगळं थांबायचं. वेबसाइट आमच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर होती. ती उत्तर देईपर्यंत सर्व्हर तिच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. धावणारे एका पायावर, गोळ्या हवेत, उडी मारलेला वरच्यावर टांगलेला. त्याला बघून मला माझा खांब आठवायचा.

आक्कांचा फोन वाजायला लागला. “आक्का, गेम अटकायलाय!”

“ठेवा. बघून कळवते,” असं म्हणून आक्का फोन ठेवत, पुढचा घेत, आणि मधे माझ्याकडं बघत. ते बघणं फोनपेक्षा वाईट होतं.

मग मालक आले. “रविवारी सामने हायत. त्या दिवशी अटकलं तर सर्व्हर बंदच करून टाकतो. खांबावर तसाबी माणूस कमीच हाय.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आक्कांनी स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, “त्या प्लगिनचं कुठं काय लिवलेलं असंल की?”

होतं, पण इंग्रजीत. मी इंग्रजी वाचतो, अक्षर-अक्षर. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आक्कांनी खुर्ची ओढली आणि दोन फोनांच्या मधल्या वेळात एकेक ओळ वाचून सांगायला लागल्या.

“हे बघ. प्रश्न पाठवायचा आन वाट बघत बसायचं न्हाई. उत्तर आल्यावर स्क्रिप्टमधला कोणता भाग चालवायचा, तेवढं त्याला आधीच सांगून ठिवायचं.” मग थांबल्या. “आरं, मी दिवसभर काय करायलेय मग? ठेवा, कळवते. तू मातर फोन कानाला लावून बसायलास, आन मागं सगळं गाव खोळंबलंय!”

मी स्क्रिप्ट बदलली. प्रश्न जातो, खेळ चालू राहतो, उत्तर येतं तेव्हा येतं. शनिवारी चाचणी घेतली. पंधरा-वीस जण एकदम आत आले आणि कुणीही टांगलेलं राहिलं नाही. मी आक्कांच्या डब्यातली शेवटची भाकरी न विचारता खाल्ली.

तेवढ्यात मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा गेम उघडला. पडद्यावर अक्षरं झळकली : ‘सावधान! वालूरचा वाघ आला!’

“वळखलं बघा यंत्रानं!” मालक खूश. मी हसलो. माझं ते जुनंच हसू.

इतक्यात आक्कांचा फोन वाजला. खत-बियाणंवाले होते. “आक्का, आत जाताजाताच लाईट गेली माझी. परत आलो तर वाघ दुसराच कुणीतरी झालाय!”

झालं होतं असं : सर्व्हर प्रत्येकाला एक जागा-नंबर देतो, आणि माणूस गेला की तोच नंबर पुढच्याला. मी प्रश्न विचारताना वाघाचा जागा-नंबर टिपला होता. उत्तर येईपर्यंत वाघ बाहेर, आणि त्या जागेवर आमचे मालक.

आक्का हळूच म्हणाल्या, “मी निरोप देण्याआधी इचारते, कोण बोलायलंय? तू फोन उचलंल त्याला निरोप दिऊन टाकलास.”

त्यांनीच त्या इंग्रजी पानावर शोधून काढलं. प्रत्येक खेळाडूचा एक कायमचा नंबर असतो, जो दुसऱ्याला मिळत नाही. मी प्रश्नाबरोबर तो नंबर पाठवायला लागलो. उत्तर आलं की आधी बघायचं, तो माणूस अजून आत आहे का. नसेल तर गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं.

रविवारी सामने झाले. एकदाही अटकलं नाही. वाघ वाघच राहिला. आणि मग सगळ्यांसमोर मालकांनी गेम उघडला : ‘या, नवीन गडी!’

मालकांची मान माझ्याकडं वळली. “काल तर वाघ म्हनला होता मला?”

माझ्या डोळ्यांपुढं खांब.

“काल बिघडलेलं होतं,” आक्का फोनवरून नजर न काढता म्हणाल्या. “आज नीट झालंय.”

मग मालकांचं पोट हललं आणि ते खोखो हसले. “ऱ्हाऊ द्या मग ह्याला हितंच. खांबाला दुसरा बघू.”

आक्कांनी समुद्र पाहिलेला नाही. खारा वारा कसा लागतो, असं त्यांनी मला दोनदा विचारलंय, आणि मला नीट सांगता आलेलं नाही. एक दिवस मी त्यांना आमच्याकडं घेऊन जाणार आहे. तक्रारीचा फोन इथं ठेवून, रेतीत बसवणार, आणि हातात शहाळं देणार.

शहाळं विकतचं असेल. माडावर चढून काढीन, असं वचन मी देत नाही.