नलूसाठी वास घेताना

केतकीचा फोन आला तेव्हा मी गार्डनमध्ये ब्लॅकबेरी तोडत होते. ऑगस्ट संपत आला होता, ऊन होतं पण त्यातली धग गेली होती. "मावशी, आई आता श्वास घेत नाहीये," एवढंच ती म्हणाली. ती हॉस्पिटलमध्ये होती, मी काट्यांच्या जाळीपाशी. केतकी ही नलूची एकुलती मुलगी, इथेच जन्मलेली, मराठी जरा मोडकंतोडकं बोलणारी; केंब्रिजला संशोधन करते. आणि नलिनी, आमची नलू, म्हणजे कॉव्हेंट्रीतली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. त्या फोनला आता काही आठवडे उलटलेत.

आम्ही दोघी नवऱ्यांच्या मागोमाग इथे आलो. तिचा अनिल भूल देणारा डॉक्टर, माझे यजमान हाडांचे. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, नलू लायब्ररीत. वाइनचा आणि तिचा संबंध कुठून आला, असं आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका दबक्या आवाजात विचारायच्या. खरं तर तो आला स्पेनमधून. रिटायर झाल्यावर अनिल तिला गॅलिसियाला घेऊन गेला. तिथे समुद्राकाठच्या एका खानावळीत मालकिणीने न विचारताच दोन ग्लास समोर ठेवले. अल्बारिन्यो, तिथली पांढरी वाइन. सोलापूरच्या सोवळ्यातल्या घरात वाढलेली नलू तोवर सरबतापलीकडे गेली नव्हती. "सुमे, समुद्रात कुणीतरी लिंबू पिळलं होतं गं," ती आल्यावर मला म्हणाली. पुढच्याच वर्षी अनिल गेला. घरात बसून राहवेना, म्हणून ती आमच्या कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानात कामाला लागली, आणि म्हातारे मालक थकले तेव्हा तिने ते दुकानच चालवायला घेतलं. तिची साठी उलटली होती तेव्हा.

उन्हाळा उतरणीला लागला की तिच्या दुकानात स्पेन यायचा. लोक सुट्टीवरून परतलेले असायचे, कुणाला शाळेचे वेध, कुणाला ऑफिसचे, सगळ्यांचेच चेहरे किंचित उतरलेले. नलू म्हणायची, या दिवसांत माणसाला जड काही देऊ नये, अन् अगदी हलकंही देऊ नये. मग बार्बेक्यूसाठी कुणाला ती मेन्सिया सुचवायची, थोडी गार करून प्यायची तांबडी वाइन. कुणाला कोरडी शेरी, म्हणजे तिथलीच कडक, अजिबात गोड नसलेली वाइन द्यायची आणि वर बजावायची, ही बटाटेवड्याबरोबर घ्या, माझं ऐका. गोरी माणसं वडा कुठे मिळतो विचारायची, तेव्हा ही शनिवारी घरून करून आणायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती दुकानासमोरच्या बर्फावर घसरून पडली. डोक्याला मार लागला, टाके पडले, ते भरलेही. पण वास यायचा बंद झाला. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही. अनिलच्या तिथीला ती दरवर्षी ऑगस्टमध्ये अल्बारिन्योची एक बाटली उघडायची. त्या वर्षी मी समोर बसले होते. तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. "पाणी आहे गं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अनिल दुसऱ्यांदा गेला, सुमे."

दुकान बंद करते म्हणाली. मी काय बोलून गेले ते माझं मलाच नवल वाटतं. मी कधी थेंबही घेतलेला नाही. पण म्हटलं, "नाक माझं घे." तिने मला शिकवलं. ग्लास फिरव, नाक आत घाल, पहिला येईल तो शब्द बोल. "इंग्लिश शोधू नकोस. मराठीत येईल ते सांग." मी डोळे मिटून सांगायचे, कैरीची साल... ओली पाटी... समुद्रावरून आणलेला टॉवेल. ती मान तिरकी करून ऐकायची, जणू मी तिला कुणाची खुशाली सांगतेय, आणि मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायची, "ग्रीन मँगो, अँड अ लिटल सी." एकदा मी म्हटलं, देवळातल्या भिजक्या दगडासारखा. ती एकदम रडली. समोरचा माणूस बिचारा टिश्यू शोधायला लागला.

या स्प्रिंगमध्ये पोटाचं दुखणं निघालं, आणि ते फार पुढे गेलेलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी वॉर्डात जायचे. खिडकी जेमतेम बोटभर उघडायची. ती म्हणायची, "बाहेर कशाचा वास आहे?" मी तिथे नाक नेऊन सांगायचे. कापलेलं गवत. डिझेल. कुणाचा तरी टोस्ट करपलाय. ती हसायची, डोळे मिटूनच. शेवटी शेवटी हसू ओठांपर्यंत पोचायचं नाही, पण भुवई हलायची.

क्रिमेटोरियममध्ये दुकानाची बरीच गिऱ्हाइकं आली होती. एक रिटायर्ड शिक्षक, दर शुक्रवारचे, माझा हात धरून हळूच म्हणाले, "वी न्यू, लव्ह." तिला वास येत नाही हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाटली उघडली की ती आधी माझ्याकडे बघायची, हे त्यांनी कधीच टिपलं होतं. तरी ते येत राहिले, विचारत राहिले, आणि कुणी कधी काही बोललं नाही... मी तिथल्या बाकावर बसून राहिले. तिला हे कळायला हवं होतं असं वाटलं, आणि नाही कळलं तेच बरं असंही.

गेल्या रविवारी केतकी आणि मी दुकान रिकामं करायला गेलो. दाराच्या मागे खुंटीला तिचा एप्रन तसाच होता. केतकीने तो काढला, तोंडाशी धरला आणि कितीतरी वेळ खाली केलाच नाही. मग माझ्यापुढे केला. "मावशी, हे आईचं वास आहे. मला शब्द नाही येत. तू सांग ना."

मी तो नाकाशी नेला. "थोडा पुठ्ठा," मी म्हटलं, "थोडी हळद... हाताला लावायची ती लॅव्हेंडरची क्रीम. आणि घाम."

"घाम?"

"हो. खोकी उचलल्याचा."

केतकी खाली जमिनीवर बसली, एप्रन मांडीवर घेऊन, आणि लहान मूल पाढे म्हणतं तशी एकेक शब्द घोकू लागली. "थोडी पुठ्ठा... थोडं हळद..." मी तिच्याजवळ बसले. चुका दुरुस्त केल्या नाहीत.