चार दिवसांचं पाणी

माझ्या सासूबाई इंदुमती यांनी रिचमंड हिलच्या रस्त्यांवर एकोणीस वर्षं स्कूल बस चालवली. बर्फ, पाऊस, मागे अठ्ठेचाळीस पोरांचा आरडाओरडा, काहीही असो, गाडीवर एक ओरखडा नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने केक दिला. तो घेऊन त्या घरी आल्या, तर ड्राइव्हवेत आत राहायची सोय असलेली तीस फुटी जुनी आरव्ही उभी होती. सासऱ्यांनी कोणाला न विचारता घेतलेली.

"आता ही चालव," सासरे म्हणाले.

"मी आजच बसमधून उतरले," त्या म्हणाल्या आणि केकचा डबा त्यांच्या हातात देऊन वर गेल्या.

भांडण तिथून सुरू झालं. माझे सासरे वाल्मिक यांना टाउनहाउस विकून चाकांवर संसार करायचा होता. घर दोघांच्या नावावर. सासूबाईंच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं. अकरा महिने घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी यशोधराने, म्हणजे माझ्या बायकोने, फोनवरून तह घडवून आणला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबियात आमच्याजवळ या, नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर हुकअपशिवाय चार दिवस राहा. वीज, पाणी, सांडपाणी, कसलीच जोडणी नाही. चार दिवस निभावले तर आई सही करेल. नाही निभावले तर बाबा आरव्ही विकतील. घर विकणाऱ्या एजंटचा, सही करायचा कागद सासऱ्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सनव्हायझरमध्ये खोचून ठेवला. सासूबाईंनी चार हजार किलोमीटर तो कागद डोळ्यांसमोर ठेवून गाडी चालवली.

यशोधराला रजा नव्हती. मी कॅम्लूप्समध्ये सोलर पॅनल बसवतो, म्हणून बॅटऱ्या सांभाळायला मला पाठवलं गेलं.

थॉम्पसन नदीच्या त्या पट्ट्यात जुलैमध्ये झाडं नावालाच. पिवळे डोंगर, सेजब्रशची राखाडी झुडपं, दोन्ही काठांवर मालगाड्या. नदी हिरवी आणि बेफाम, पण उभ्या कड्याखाली. दिसते, हाती लागत नाही. कॅम्पग्राउंडच्या हातपंपाला लाल पिशवी बांधली होती, बंद असल्याची. थर्मामीटर एक्केचाळीसवर.

शेजारी अल्बर्टा प्रांतातला एक जण भलामोठा ट्रेलर घेऊन बसला होता. पिकअपच्या मागे पाण्याची निळी टाकी. आम्ही पोचलो तेव्हा तो उठून आला, दारावर पसरलेल्या आमच्या कापडी छताची सावली त्याच्या जागेत किती इंच जाते ते बोटाने दाखवलं आणि परत जाऊन बसला.

मी सगळ्यांना नियम समजावले. "टाकी दीडशे लिटरची. तिघांना चार दिवस, माणशी रोज बारा लिटर. आई, भांडी घासताना नळ..."

"क्षितिजराव," सासूबाई म्हणाल्या, "पाणी कसं वापरायचं ते मला शिकवताय?"

"तसं नाही, पण..."

"जालना जिल्ह्यातल्या गावात वीस वर्षं हुकअपशिवाय काढलीत मी. तेव्हा त्याला कॅम्पिंग म्हणत नव्हते." त्या भांड्यांच्या कपाटातून स्टीलचा तांब्या काढत होत्या. "विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. माझी आई घागर धरून खाली उभी राहायची. वरून कोणी ओतलं तर ओतलं. कधी कधी दुपार व्हायची. त्या दिवसांतून बाहेर पडायला मी शिकले, इथे आले, बस चालवली. आणि हे मला परत तिथेच घेऊन आलेत, वर सोलर लावून."

"अगं, ते वेगळं, हे वेगळं," सासरे म्हणाले. "हे आपण निवडलंय."

"तुम्ही निवडलंय."

सासऱ्यांना आणि मला एकच भीती होती. सही टाळायला त्यांनी नुसता नळ उघडा ठेवला तरी पुरे होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. एका तांब्यात तोंड, हात, पाय. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीला. ताटं आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्याने विसळायची. दिवसाला सहा लिटरसुद्धा लागत नव्हते त्यांना. मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाल्या, "जे विसरायला तीस वर्षं लागली, त्याचं कौतुक नको."

नागपूरला रेल्वे क्वार्टरमध्ये, घरातल्या नळावर वाढलेले सासरे सकाळ-संध्याकाळ शॉवर घेत होते. "दोनच मिनिटं," म्हणायचे. दाढी करताना नळ वाहता. चहा दिवसातून पाच वेळा.

दुसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनी बाकाखालच्या टाकीवर बोटाने टकटक केली. "रिकामी होत आलीय."

मी टाकीची पातळी दाखवणाऱ्या दिव्यांच्या पॅनलकडे बोट दाखवलं. "दोन-तृतीयांश आहे, आई. सेन्सर आहे तिथे."

"तुमचा दिवा खोटं बोलतो."

दिवा खोटंच बोलत होता. सेन्सर अडकला होता, आणि तो तपासायचं काम माझं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सासरे तोंडाला साबण लावून उभे, आणि पंप नुसता खरखरला. गाडीत प्यायची एक बाटली उरली होती.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "हरलात. आवरा."

"हरलो कशाने? शेजाऱ्याकडून घेतो. शेजाऱ्याचं पाणी म्हणजे हुकअप नाही."

"नका जाऊ."

"माणुसकी म्हणून काही असतं, इंदू."

"अहो, नका जाऊ म्हणतेय ना!"

सासरे टॉवेलने तोंड पुसत वीस लिटरचा कॅन घेऊन गेले. त्या माणसाने हातातली कॉफी संपेपर्यंत त्यांना उन्हात उभं ठेवलं. मग मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाळवंटात येता आणि पाणी आणत नाही. कमाल आहे तुमची." तो पिकअपवर चढला आणि टाकीची नळी उंच धरली. सासऱ्यांनी कॅन वर नेला तसा ओरडला, "डोंट टच द नोझल!"

सासऱ्यांनी कॅन खाली घेतला. दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. पाणी वरून पडत होतं, निम्मं कॅनमध्ये, निम्मं त्यांच्या शर्टावर. ते हसत मान वर करून म्हणत होते, "थँक यू सर, थँक यू."

सासूबाई आमच्या दारात उभ्या होत्या. सासरे परत आले तसा त्यांनी कॅन हातातून घेतला, झाकण काढलं आणि उलटा केला. दोन दिवस थेंब न सांडलेल्या बाईने ते सगळं पाणी वाळूत ओतलं. कॅन रिकामा व्हायला बराच वेळ लागला. 

"वेड लागलं का तुला?" सासरे ओरडले. "प्यायला नाही घरात!"

"मग हरायचं होतं."

"त्याने दिलं तरी! तुसडा असेल, पण दिलं."

"त्याचं मी काही म्हणत नाहीये. नळीला घाण लागू नये म्हणून बोलला असेल. त्याला काय माहीत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला माहीत आहे. दर वीस मार्चला घराजवळ वॉनच्या हॉलमध्ये माइक धरून महाडच्या तळ्याचं सांगता. समोर पहिल्या रांगेत मी बसलेली असते."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीच्या पॅनलकडे पाहिलं.

सासूबाईंनी छत गुंडाळलं, चाकांखालचे ठोकळे काढले. मग बसच्या सवयीने गाडीभोवती फेरी मारली. टायर, दिवे, आरसे. स्टिअरिंगवर बसल्या आणि म्हणाल्या, "यायचं असेल तर या. मी मोजून दोन मिनिटं थांबते." सासरे ओल्या शर्टाने मागच्या बाकावर जाऊन बसले.

वीस मिनिटांवरच्या गावात पेट्रोल पंपामागे नळ होता. विचारायचंही नव्हतं, वर पाटी होती: प्यायचं पाणी. सासूबाईंनी चप्पल काढून पाय त्याखाली धरले, मग तोंड धुतलं, मग ओंजळीने प्यायल्या. नळ पूर्ण सोडला होता. आम्ही दोघे मागे उभे राहिलो.

"दोन दिवस निघाले, इंदू," सासरे म्हणाले. "एवढं वाईट नव्हतं."

 सासूबाईंनी गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि पुसायला फडकं शोधलं. मिळेना. तेव्हा केबिनमध्ये वाकून सनव्हायझरमधला एजंटचा कागद काढला आणि पट्टी त्याने पुसली. दोन्ही बाजूंनी, नीट.

"तेल कमी आहे," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "विकायच्या आधी भरून घ्या."