सुटलेली तार

चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला की ती दुपार आठवते. उल्हासनगरच्या आमच्या खोलीत गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला दाराएवढा स्पीकर आडवा टाकला होता. त्याच्या आवाज काढणाऱ्या पातळ पडद्यावर चिकटवलेली तार सुटून भणभणत होती. मी सोल्युशन लावलं आणि बायकोला म्हटलं, "वाळेपर्यंत बोटांनी दाबून धर." थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, या वासानं गरगरतंय. सोडू का?" "सोडलंस तर परत भणभणेल." "स्पीकरला जपता तेवढं मला जपा कधी," म्हणाली, पण बोटं तिनं हलवली नाहीत. सोल्युशन वाळलं आणि ती तिथंच कोसळली. दवाखान्यातून परत आलीच नाही. आता मी तारेवर रेतीची पिशवी ठेवतो. रेती तेव्हाही दाराबाहेर पडलेली होती, पण बायको हाताशी होती म्हणून मी उठलो नाही.