वरच्या मजल्यावरची सम

नाखवा माणसाची ओळख पायांवरून ठेवायचा. जिन्यात समोर आला की आधी तुमच्या चपलांकडे बघणार, मग गुडघ्यांकडे, आणि तिथवर समाधान झालं तरच चेहऱ्याकडे. माझ्या चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला चार महिने लागले. "मास्तर, तुमी डावा पाय घासता," एवढंच तो पहिल्या भेटीत बोलला आणि वर निघून गेला. याचा सूड घ्यायचा हे मी त्याच पायरीवर ठरवलं. तोंडावर मी त्याला 'अहो नाखवा' म्हणायचो. इथे एकेरीत लिहितोय, तेवढाच आपला एक चिमटा.

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, सोसायटीचा सचिव आणि बायकांच्या भजनी मंडळाचा तबलजी. यातली एकही गोष्ट मी धड केलेली नाही, पण तिन्हींचा अभिमान मात्र पुरेपूर. नाखवा चौथ्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर, लेकीकडे राहायला आला. जन्म उरणजवळच्या मोऱ्याचा, हयात गेली मोरा ते मुंबई लाँच चालवण्यात, म्हणून सगळ्यांचा नाखवा. बायको गेल्यावर लेक सुगंधा त्याला घेऊन आली. सामानात एक पत्र्याची पेटी, एक सुकटीचा डबा आणि मोडीत काढलेल्या लाँचची एक सागवानी फळी. फळी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार हमालांनी ती जिन्यानं चढवली. सचिव या नात्यानं मी हरकत घेतली. नाखवा माझ्या चपलांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता माझ्या डोक्यावर घोडा नाचायला लागला.

दोन ते तीन ही माझी झोपेची वेळ. ती मी नोकरीतसुद्धा पाळली, मुलांना 'निसर्गचित्र काढा' सांगून. मी उठलो, झाडूचा दांडा घेतला आणि छतावर रागानं चार ठोके मारले. वरून चार ठोके आले. मी आठ मारले. वरून आठ आले, आणि शेवटी एक असा वळसा की मी दांडा खाली ठेवून ऐकतच राहिलो. मग मला राग आला तो वेगळाच. मी झपतालात ठोकलं. वरून झपताल आला, दहाच्या दहा मात्रा, घासूनपुसून. छताचा गिलावा माझ्या डोळ्यांत पडला. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "तुमच्यापेक्षा वरचे तालात आहेत हो." पस्तीस वर्षांच्या संसारात ती मला पुष्कळ बोललीय, पण तबल्याबद्दल कधी नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं.

तक्रार घेऊन वर गेलो तर नाखवा फळीवर उभा. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांत काळे बूट, बुटांना एसटी स्टँडजवळच्या मोच्याकडून ठोकून घेतलेले लोखंडी नाल. समोर टीव्हीवर जुनी इंग्रजी फिल्म, काळी-पांढरी. त्यात लांब तोंडाचा, काटकुळा, शेपटीवाला कोट घातलेला एक गोरा माणूस काठी फिरवत जिन्यावरून नाचत उतरत होता. नाखव्यानं मला बसायला सांगितलं नाही, टीव्हीकडे बोट दाखवलं. "ह्यो माजा बोंबील."

त्या नटाचं खरं नाव नाखव्याला ठाऊक होतं. पण ते उच्चारताना जीभ अडखळायची, आणि आपल्या तोंडून त्याच्या नावाला ठेच लागू नये, म्हणून बोंबील. "बोंबलाला हाड हाय का नाय, सांगता येतं का? तसा ह्यो. खातो का, झोपतो का, काय कलत नाय. नुसता वाहातो." तरुणपणी मालकाचं काम करायला तो फोर्टात गेला होता. लाँच सुटायला तीन तास होते, बाहेर ऊन होतं, म्हणून थंडाव्यासाठी थेटरात शिरला. इंग्रजीचा एक शब्द कळला नाही. बाहेर आला तेव्हा परतीची लाँच सुटायची वेळ कधीच टळली होती, आणि लाँचचा नाखवा हाच होता. उतारूंनी त्याला महिनाभर शिव्या दिल्या. "सगल्या शिव्या तालात ऐकू यायला लागल्या," तो म्हणायचा.

शिकवायला कोणी नव्हतं, पण त्याच्याकडे एक कसब आधीपासून होतं. डेकच्या फळ्या कुजतात कुठे, हे खलाशी टाच आपटून ओळखतात. चांगली फळी बोलते, कुजकी पुटपुटते. नाखव्यानं हयातभर टाचेनं फळ्या तपासल्या, आणि बोंबील बघितल्यावर त्याला कळलं की तोही तेच करतोय, फक्त कोट घालून. "नाच पायात नसतोय मास्तर, फलीत असतोय. ती काय म्हनते ते ऐकायचं आन तिला उत्तर द्यायचं." एकदा त्यानं मला एकच तुकडा वीस वेळा मागे नेऊन दाखवला. "बगा, एवडं करून चेऱ्यावर काय? जेवून उटलाय आन हात धुवायला चाललाय. मेनत करायची ती दार लावून. लोकांना नुसता हात धुताना दिसायचा." मी मेहनत दार उघडं ठेवून करणारा माणूस. माझ्या रियाजाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो, आणि जावा अशीच माझी इच्छा असते. हा टोमणा कोणाला होता ते मला समजलं. तक्रार करायची राहून गेली.

मोऱ्यात त्याच्या या नादाला कोणी नाच म्हणत नव्हतं. त्याला 'इंग्लिश नाच्या' म्हणायचे, लग्नात दारू पाजून नाचवायचे आणि तो मनापासून नाचायला लागला की हसायचे. एकटा इंजिनवाला बामा तेवढा हसत नसे, कारण तो बहिरा आहे अशी समजूत होती. नाखव्याच्या मनात एकच होतं. एकदा मंडपात, माइकसमोर, पोटात थेंब नसताना या सगळ्यांपुढे नाचायचं. "हसले ना, त्यांची तोंडं बगायचीत मला. बास. मग बूट खाडीत टाकतो." म्हातारा त्या एका दिवसासाठी पाय राखून होता.

हे त्यानं मला विश्वासानं सांगितलं, आणि मी त्याचा वापर केला. सोसायटीच्या सत्यनारायणाला संध्याकाळी कार्यक्रम असतो. मी सचिव. मी जाहीर केलं: नाखव्यांचा नाच आणि मास्तरांचा तबला, जुगलबंदी. नाखव्याचे डोळे भरून आले. माझ्या मनात वेगळंच शिजत होतं. झपताल, त्रिताल तो पायावर खेळवतो; म्हणून मी अकरा मात्रांचा ताल निवडला. अकरा म्हणजे आडनिडा आकडा, भलेभले गडगडतात. मी स्वतः तो पंधरा दिवसांपूर्वी मोबाइलवर बघून शिकलो होतो, ही बारीकशी गोष्ट मी माझ्यापासूनही लपवली. ऐकून नाखवा म्हणाला, "अकरा? चालंल. आमच्या इंजिनाचा बारावा ठोका कायम गायब असायचा."

त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये फळी मांडली. मोऱ्याहून टेम्पो भरून माणसं आली आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसली. पेटीवर कर्णिकबाई. त्या सुरांच्या पक्क्या, पण तालासाठी माझ्या मानेकडे बघणाऱ्या. नाखव्यानं लुंगी सोडून जावयाची काळी पँट घातली होती, डोक्याला टोपी, आणि हातात छत्री, काठीच्या जागी.

काय नाचला तो. मी वाकडे तुकडे फेकत होतो आणि तो ते उचलून, झटकून, सरळ करून परत देत होता. चेहऱ्यावर तेच, जेवून उठलाय आणि हात धुवायला चाललाय. लोक टाळ्या विसरले. शेवटी दोघांनी मिळून तिहाई घ्यायची होती. म्हणजे एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. दोघांचा ठोका एक, की संपलं.

मी अकराव्या मात्रेवरच 'धा' मारला. एक मात्रा आधी. ताल मीच निवडलेला आणि घसरलोही मीच. पण मी एवढ्या जोरात मारला आणि मान अशी टाकली की कर्णिकबाईंनी तिथेच पेटी थांबवली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, एका मात्रेनं मागून, नाखव्याचा बूट पडला. ठक.

एकटाच.

पुढच्या रांगा हसल्या. आधी दोघं, मग सगळे. मागची रांग हसली नाही. ती खाली मान घालून बसली होती, लाजेनं, असं मला वाटलं. नाखव्यानं माझ्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, थेट चेहऱ्याकडे. मी तेवढ्यात 'माझं चुकलं' म्हणू शकत होतो. दोन शब्दांना कितीसा वेळ लागतो. मी माइक ओढला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "वय झालंय, मंडळी. पाय आहे, घसरायचाच. टाळ्या होऊ द्या." नाखव्यानं टोपी काढली. म्हणाला, "चुकला पाय." छत्री घेतली आणि लंगडा नव्हता तरी लंगडत जिना चढला.

'नाखवा घसरले' असं लिहून कोणीतरी व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी तो अंथरुणात बोटं मोजत सात वेळा बघितला. सातही वेळा मीच चुकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी आडवा झालो. वरून तीच तिहाई आली. तोच बोल, एकदा, दोनदा, तीनदा, आणि समेवर बरोबर पडलेला एक ठक. मग शांतता. ना आधी काही, ना नंतर. तिसऱ्या दिवशीही तेच. दीड वर्षं, एक दिवस न चुकता. छतावर ते काही मिनिटभराचंसुद्धा नव्हतं, पण त्या ठोक्याची वाट बघत मी पावणेदोनपासून जागा राहायचो आणि तो ऐकल्यावर चारपर्यंत. कानात कापूस घातला, तर पलंगाच्या पायांतून आला. झोपेची वेळ तीनवर नेली, तर तिहाई तीनला आली. याला कळतं कसं? सौ. भाजी निवडत म्हणाली, "मी सांगितलं. विचारलं त्यांनी. खोटं कशाला बोलू?"

शेवटी शरण गेलो. म्हटलं, ग्रुपवर लिहितो, चूक माझी होती. मोऱ्याला जाऊन सांगतो. नाखवा सुकट निवडत होता. त्यानं वरही बघितलं नाही.

"सांगू नका," तो म्हणाला. "सांगितलंत तर तुमी सुटाल."

त्यानं सुकटीतली एक काडी वेचून बाजूला टाकली.

"आन मी तुमाला सोडनार नाय. मी जिता हाय तवर नाय. शप्पत घ्या."

मी फळीवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घेतली. उठताना तो पुन्हा माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "डावा अजून घासताच."

गेल्या माघात एका दुपारी तिहाईचा बोल एकदा आला, दुसऱ्यांदा आला, आणि तिसरा आलाच नाही. मी आधी मोजत राहिलो. मग जिन्यानं धावलो, डावा पाय घासत. तो फळीशेजारच्या खुर्चीत बसला होता, बूट पायात, चेहरा हात धुवायला निघालेल्या माणसाचा. सुगंधा फोन लावत होती. पनवेलचा डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं.

शपथ सुटली होती. दहाव्याला मी मोऱ्याला गेलो. विधी उरकल्यावर धक्क्यावर त्याची माणसं जाळ्याच्या ढिगावर बसली होती. मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला, व्हिडिओ लावला आणि मांडीवर हात मारत मात्रा मोजून दाखवल्या. म्हटलं, बघा, नाखवा बरोबर होता. चुकलो मी. वर माइकवर त्याचीच चेष्टा केली मी. तो जिवंत असताना तुम्हाला हे कळायला हवं होतं. माझं पाप धुतलं जात होतं आणि, खरं सांगतो, मला जरा बरंही वाटत होतं.

म्हाताऱ्या बामानं विडी विझवली. बहिरा अजिबात नव्हता तो. "आमाला तवाच कललं," तो म्हणाला. "त्याच इंजिनावर जनम काडला आमी. अकराला कुटं पाय पडतोय ते आमाला कलत नाय?"

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोलनार होतो. टेम्पोतून चार जन परत निगाले बी. तवर नाखवाच मागल्या जिन्यानं टेम्पोपाशी आला, म्हनला, मास्तरला हात लावू नका. तो माजा हाय." बामानं माझ्याकडे नीट बघितलं. "त्या दिवसापासून हितं कोन त्याला नाच्या म्हनला नाय. कसं चाललंय, झोपला का मास्तर, म्हनून फोन करायचो आमी रोज. लय हसायचा."

म्हणजे त्याला जी तोंडं बघायची होती, ती त्यानं त्याच संध्याकाळी बघितली होती. दीड वर्षं मी ज्या ओझ्याखाली जागत होतो, ते सगळ्या मोरा बंदराची करमणूक होतं. शपथ सुटली, पण मी काही सुटलो नव्हतो. आता हे सगळं लिहून काढतोय तेही त्यासाठीच, आणि उपयोग होईल असं वाटत नाही.

मोऱ्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी दोन वाजता छत गप्पच होतं. झोप यायला हवी होती. मी उठलो, झाडूचा दांडा घेतला आणि त्याच जुन्या खड्ड्यात ती तिहाई ठोकली. एकदा, दोनदा, तीनदा, सावकाश, मोजून, आणि शेवटचा ठोका दिला. गिलावा पडला. मी डोळे पुसायला हात उचलला.

आणि एका मात्रेनं मागून वरून सुगंधाची टाच पडली. ठक.

बरोबर समेवर.