माझ्या पासवर दादा आत होता

"तुला दोन पोरं आहेत ना बाई? एक तर राहील."

मी ज्याच्याकडे कामाला होतो तो ठेकेदार चहा पिता पिता बोलला. स्मृती नगरातल्या त्याच्या बंगल्यात, चपला काढायच्या जागी मायला आणि मला उभं केलं होतं. माय पाया पडायला वाकली. त्याने पाय सोफ्यावर ओढून घेतले.

माझ्या दादाला फाशी झाली होती. चरोद्यातल्या दुकानदार नवरा-बायकोच्या खुनात. दुर्गच्या कोर्टाने दिलेली फाशी बिलासपूरच्या हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. ती सुनावणी तोंडावर आली होती.

खून झाला त्या संध्याकाळी दादा कारखान्यात कामावर होता. माझ्या पासवर. मला कावीळ झालेली. कंत्राटी मजूर आजारी पडला की घरातला दुसरा त्याच्या पासवर आत जातो. ठेकेदारच सांगतो, माणसं पुरी पाहिजेत. गेटवरचा शिपाई पास बघतो. आमचा चेहरा कोण बघतं?

पोलिसांनी संशयावरून धरलं तेव्हा दादा म्हणाला, मी घरी झोपलो होतो. माझी नोकरी वाचवायला. शेजाऱ्यांनी खरं ते सांगितलं, हा घरी नव्हता. संपलं. त्या एका खोट्यावर सरकारी वकिलाने सगळी केस उभी केली. निकालाआधी मी तुरुंगात भेटायला गेलो, म्हटलं, खरं सांगून टाकतो. जाळीमागून दादा खेकसला, "गप राय! तुही नोकरी गेली तं मायले कोन पोसन? निर्दोष माणसाले फाशी देत असतेत का?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच.

अपिलाची वकीलबाई म्हणाली, हायकोर्ट नवा पुरावा घेऊ शकतं. तू बोल, त्या शिफ्टचे मजूर बोलू देत. मजूर म्हणाले, "ठेकेदार काय म्हनते ते पाह्य पयले. मंग आमी."

म्हणून आलो होतो. त्याने फक्त खरं सांगावं, एवढंच मागायला.

"हजेरीत तू आहेस," ठेकेदार म्हणाला. "आता नव्हतो म्हणालास तर फसवणुकीची केस तुझ्यावर. भाऊ जातोच आहे, तूही अंदर जा." मग हसला. "गप्प राहा, सुपरवायजर करतो तुला. चल, घरी जा."

रुआबांध्यातल्या आमच्या घरात बाप युनियनची पत्रकं आणायचा. त्यांवरच मी वाचायला शिकलो. त्यातला एक शब्द तोंडात येईना. मी खरंच दाराकडे वळलो.

माय हलली नाही. म्हणाली, "कोनता ठेवू साहेब? तुमीच सांगान का?"

तो मोबाइल बघू लागला.

तेव्हा माझा आवाज निघाला. चिरका, पण निघाला. "मी घरी होतो. दादा आत होता. तुमीच घेतलं त्याले आत."

"निकल," तो म्हणाला. "कल से काम पे मत आना."

काम गेलं. मजूर अजून गप्प आहेत. पोलिसांची जीप गल्लीत दिसली की मी आजही घरात शिरतो. भीती गेलेली नाही. कोर्टात विचारतील, इतके दिवस कुठे होतास? घाबरलो होतो, असंच सांगेन. खोट्या हजेरीची जी शिक्षा असेल ती द्या. तुरुंगात गेलेला माणूस कधीतरी परत येतो. फासावर गेलेला येत नाही. म्हणून मी बोलणार. एकटा असलो तरी.