चौकटीशी बोलणारे वकीलभाऊजी

आमचे वकीलभाऊजी स्वयंपाकघराच्या चौकटीशी बोलायचे. म्हणजे बोलायचं असायचं माझ्याशी. पण मोठ्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलू नये, अशी त्या काळची रीत. त्यात मी विधवा. मग काय, आमटीत मीठ कमी पडलं तर हे चौकटीला सांगणार, "आज आळणी झालंय बरं का!" चौकट बिचारी ऐकून घ्यायची आणि मी आतून मीठ सरकवायची.

आमच्याकडं तेव्हा हैदराबादचं राज्य, म्हणून अदालतीत ते उर्दूत बोलत, आणि तिथं त्यांच्यापुढं कुणाची डाळ शिजत नसे. घरात मात्र त्यांनी एकही खटला जिंकल्याचं मला आठवत नाही. सासूबाई समोर आल्या की ह्या गृहस्थांची बोबडी वळायची. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून, घामाने निथळत बाहेर पडणारा हा माणूस घरी आल्या आल्या शेरवानी खुंटीला टांगायचा, आणि तिच्याबरोबर आवाजही.

पाटोद्याचे, शिरूरचे पक्षकार तारखेला बैलगाडीने यायचे ते आमच्याकडेच उतरायचे. एकदा तर ज्याच्याविरुद्ध दावा, तोच आमच्या ओसरीवर भाकरी मोडत बसलेला! मी आतून भांडी जरा जास्तच आपटली. तेव्हा चौकटीला उत्तर मिळालं, "अहो, उपाशी माणसाला हरवण्यात काय मजा हाय?"

पुढं वकील मंडळींनी त्यांना हैदराबादच्या कौन्सिलात निवडून पाठवलं. झालं! चौकटीलाही बढती मिळाली. कौन्सिलाच्या अध्यक्षांना 'जनाबे सदर' म्हणतात, तशी आमची चौकट 'जनाबे सदर' झाली. प्रत्येक भाषण आधी तिच्यापुढं व्हायचं आणि मी पिठलं ढवळत ऐकायची. पाटोद्याला मुलींची शाळा हवी, हे त्यांचं एकच टुमणं. दर खेपेला विचारायचे आणि दर खेपेला तेच उत्तर घेऊन यायचे, "जेरे गौर हाय." म्हणजे सरकारचा विचार चाललाय. ते आम्ही घरात उचललं. भाऊजींनी आणखी अर्धा कप चहा मागितला की मी आतून म्हणायची, "जेरे गौर हाय!" सगळ्यांत आधी तेच हसायचे.

एकदा मात्र चेहरा पाडून परतले. पानावर बसले नि म्हणाले, "जनाबे सदर, शाळा मंजूर झाली. पण म्हणतात, मास्तरीण तुमी आणा. आता मी मास्तरीण कुठून पैदा करू?"

माझे वडील नेकनूरला पंतोजी होते, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं. आणि खरं सांगू? त्या चुलीपुढं माझा जीव घुसमटत होता. पुढची सगळी वर्षं ह्याच धुरात काढायची होती.

"मी हैदराबादला शिकून येईन," मी म्हटलं.

चौकट पहिल्यांदाच थट्टा सोडून बोलली होती. भाऊजींचा घास हातातच राहिला.

आता सासूबाईंची परवानगी हवी. विधवा सून उंबऱ्याबाहेर, तीही थेट हैदराबादला! त्यांनी नाही म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं. भाऊजींनी आठवडाभर अंगणात येरझाऱ्या घालत भाषण बांधलं. शास्त्र काय म्हणतं, कायदा काय म्हणतो, सगळं तोंडपाठ केलं. आणि एका दुपारी शेरवानी चढवून, डोक्यावर पगडी घालून हे स्वयंपाकघराच्या दारात हजर! सासूबाई जोंधळे निवडत होत्या.

"आई, मला दोन शब्द बोलायचेत."

"तुझं काय ऐकायचं रे? ज्याचं वकीलपत्र घेशील त्याचंच खरं करशील," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय गं, तुला जायचंय?"

"जायचंय."

"लोक लई बोलतील."

"बोलतील," मी म्हटलं.

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "माझं सगळं ह्या चुलीपुढं गेलं. तुझं कशापायी जाऊ देऊ? जा."

"पण आई, माझा मुद्दा असा की..."

"निकाल लागला न्हवं? काढ ती शेरवानी, भिजलीय घामानं."

मी गेले, शिकले, पाटोद्याच्या शाळेत लागले. लोक बोललेच. काही पक्षकारांनी भाऊजींचं दार सोडलं. सगळ्या जगावर बोलणाऱ्या ह्या माणसाने त्याबद्दल मात्र माझ्यापाशी कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच. दिवाळीला मी घरी आले की चौकटीला ऐकवायचे, "जन्मातलं सगळ्यात चांगलं भाषण माझं, आणि कुणी ऐकलं न्हाई!"

सासूबाई गेल्या. मग काही वर्षांनी भाऊजींनी अंथरूण धरलं आणि मी पाटोद्याहून धावत आले. कसली चौकट नि कसली रीत? सरळ त्यांच्या उशाशी जाऊन बसले. किती वाळले होते! त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"धाकटे, ते भाषण..."

"म्हणा भाऊजी. आज मी ऐकते."

त्यांनी खुंटीकडे बोट केलं. मी शेरवानी काढून त्यांच्या खांद्यांवर पांघरली. ते जरा सावरून बसले. "जनाबे सदर," म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "जनाबे सदर..." धाप लागली. पुढचे शब्द काही केल्या येईनात. ओठ नुसते हलत होते. मला बघवेना.

"मंजूर, भाऊजी," मी म्हटलं. "सगळं मंजूर."

त्यांनी डोळे वटारले. अगदी अदालतीत वटारत असतील तसे.

"ह्याही वेळी न ऐकताच मंजूर?"

मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडूही. ते माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. आणि ते चौकटीशी नव्हते बोलले, माझ्याशी बोलले होते.