माझ्या नावाची मूठ

पुण्याला विद्यापीठात एमएस्सीसाठी माझा नंबर लागला तेव्हा श्रावण सुरू झाला होता. फी भरायची मुदत कानबाईच्या सणानंतर लगेच संपत होती आणि आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, तेवढी सोय नव्हती. बँकवाल्याने तारण मागून आमची बोळवण केली होती.

अमळनेरजवळच्या आमच्या गावी कानबाईला सगळी भावकी जमते. सुरतेहून, धुळ्याहून, कुठून कुठून माणसं येतात. आमच्या घराण्याची एक रीत आहे. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी काढलेल्या गव्हात ज्याच्या नावाची मूठ पडते, त्याच्या शिक्षणाला आणि दुखण्याखुपण्याला सगळ्यांनी मिळून हातभार लावायचा. चुलतभाऊ इंजिनिअर झाला तो असाच. पण मूठ पडते फक्त पुरुषांची. आम्ही दोघी बहिणीच, त्यामुळे आमच्या घराची मूठ एकच, आबांची. वा रे न्याय! गहू निवडायचे आम्ही, दळायचे आम्ही, रोट भाजायचे आम्ही, आणि माणसं मोजायची वेळ आली की आम्ही परक्या. हे मी आईला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती आता नुसतं "हो गं बाई" म्हणायची.

त्या वर्षी गहू मोजायच्या दिवशी नाना पाटावर बसले. नाना आबांचे थोरले भाऊ, घरात त्यांचा शब्द शेवटचा. आबांनी त्यांच्यापुढे जन्मात तोंड उघडलं नव्हतं. नाना एकेकाचं नाव घेऊन सुपात सव्वा मूठ गहू टाकत होते. आबांचं नाव झालं, तरी आबा जागचे हलेनात.

"नाना, पोरनीबी टाका," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले.

"पोरनी मूठ नही ऱ्हास रे. ती सासरे जाई."

"जाई तव्हय काढी टाका. आज ती आपला घरमा शे ना!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं, त्याच्याकडे मी असं बघितलं की बिचारा खाली बघायला लागला.

नानांनी मला विचारलं, "किती साल लागतीन?"

"दोन," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी पोत्यात हात घातला. माझं नाव घेतलं, पूर्ण, आबांच्या नावासकट, आणि गहू सुपात टाकले. मग सुरतेच्या काकांकडे वळून म्हणाले, "मूठ पडनी, ते आते हिनी फीबी बठ्ठासनी मिळीसन भरनी शे."

मला रडू फुटलं. आईने तर पदरच तोंडात कोंबला. आबा मात्र उठून तडक अंगणात गेले. मी मागोमाग धावले. गोठ्याच्या खांबाला धरून ते उभे होते.

"आबा, काय झालं?"

"काय व्हई?" डोळे पुसत ते म्हणाले. "आते तू नापास व्हयनी ना, ते नानाले मी काय तोंड दखाडू?"